जुन्या मोटारीचे मीटर काढणे आणि दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८००, झेन, सँट्रो आणि पहिली इंडिका अशा मोटारी अजूनही चालू स्थितीत दिसतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार सारखी कानावर येते : इंजिन उत्तम आहे, पत्रा बरा आहे, पण डॅशबोर्डमधील मीटर भरवशाचे राहिलेले नाही. अशा वेळी अख्खे मीटर बदलण्याचा सल्ला सहज मिळतो. माझे मत याच्या उलट आहे. जुन्या गाडीचे मूळ मीटर बहुतेक वेळा दुरुस्त होते, पुष्कळदा दोष मीटरच्या बाहेरच असतो, आणि गाडी खरोखर किती चालली याची नोंद त्याच मीटरमध्ये असल्यामुळे ते जपण्यासारखे असते. पुढील उत्तरे याच समजुतीने लिहिली आहेत.

मीटर बंद पडले की ते लगेच खोलावे का?

खोलू नये. आधी कोणकोणत्या गोष्टी बंद आहेत आणि कोणत्या चालू आहेत, हे किल्ली फिरवून कागदावर लिहून काढावे, कारण दोष कुठे शोधायचा हे त्या यादीवरूनच ठरते. सर्व काटे आणि सर्व दिवे एकाच वेळी गेले असतील तर फ्यूज, इग्निशनचा पुरवठा किंवा डॅशबोर्डमागील अर्थ (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी) यांपैकी काहीतरी सुटलेले असते. फक्त इंधनाचा काटा मेला असेल तर संशय टाकीतील फ्लोटवर (इंधनाच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या भागावर) घ्यावा, आणि फक्त तापमानाचा काटा मेला असेल तर इंजिनावरील सेन्सरवर. इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी प्रमाणाबाहेर वर किंवा खाली दाखवू लागले, तर दोन वेगवेगळे सेन्सर एकाच दिवशी बिघडले असे मानण्याऐवजी त्या दोघांना सामाईक असलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा.

दिवे लावल्यावर किंवा इंडिकेटर दिल्यावर काटे हलत असतील, तर तो अर्थ कमकुवत असल्याचा जवळजवळ पक्का पुरावा आहे. मीटरचा अर्थ जिथे पत्र्याला स्क्रूने जोडलेला असतो तिथे गंज धरतो. तो स्क्रू काढून, पत्रा पॉलिश कागदाने चकचकीत करून पुन्हा घट्ट बसवला की मीटरला हात न लावताच काम होऊन जाते.

स्टॅबिलायझर म्हणजे नेमके काय, आणि तो सर्व गाड्यांत असतो का?

सर्व गाड्यांत नसतो. जुन्या पद्धतीच्या इंधन व तापमान काट्यांमागे दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्यावर गुंडाळलेली तार विजेने तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. किल्ली दिल्यावर काटा सावकाश वर चढतो, ही या जातीची खूण. बॅटरीचा दाब १२ व्होल्टपासून १४ व्होल्टच्या वर जात-येत असल्यामुळे अशा काट्यांना स्थिर पुरवठा लागतो, आणि तो स्टॅबिलायझर देतो. ब्रिटिश घडणीच्या अनेक मीटरमध्ये हा पुरवठा सरासरी १० व्होल्टचा असतो आणि तो सतत चालू-बंद होत दिला जातो, त्यामुळे मल्टिमीटरवर (व्होल्ट आणि ओहम मोजण्याच्या उपकरणावर) आकडा स्थिर न राहता हलताना दिसतो. हा हलणारा आकडा बिघाड समजू नये. स्टॅबिलायझरचा अर्थ सुटला की बॅटरीचा पूर्ण दाब काट्यांकडे जातो, आणि टाकी अर्धी असताना ती भरल्यासारखी व इंजिन तापल्यासारखे दिसते.

पुढच्या काळातील गाड्यांत काटा दोन-तीन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढीवर फिरतो. तिथे दोन वेटोळ्यांतील प्रवाहांचे गुणोत्तर काट्याची जागा ठरवते, म्हणून बॅटरीचा दाब थोडा बदलला तरी काटा हलत नाही आणि स्टॅबिलायझरची गरज पडत नाही.

इंधनाचा काटा मीटरमुळे बिघडला आहे की टाकीतील फ्लोटमुळे, हे न खोलता कसे ओळखावे?

टाकीवरील फ्लोटची वायर काढून घ्यावी, किल्ली चालू करावी आणि ती वायर १२ व्होल्ट ३ वॉटच्या छोट्या बल्बमधून अर्थला लावावी. काटा सरकू लागला तर मीटर व वायरिंग ठीक आहे आणि दोष फ्लोटमध्ये आहे. वायर सरळ अर्थला टेकवून धरण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, पण जोडपट्टीच्या काट्यात त्यामुळे आतील तार जळू शकते. मधे बल्ब घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. काही गाड्यांत अर्थ दिल्यावर काटा भरलेल्या टाकीकडे जातो, काहींत रिकाम्या टाकीकडे. काटा हलतो की नाही, एवढेच या चाचणीत पाहायचे असते.

मात्र हे काम टाकीच्या तोंडाशी ठिणगी पडेल अशा रीतीने कधीही करू नये. वायर टाकीपासून दूर असलेल्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) पकडावी, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी काम थांबवावे.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा याहून सोपी आहे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. सेन्सर काढून गरम पाण्यात धरला आणि मल्टिमीटरवरचा ओहमचा आकडा सलग उतरत गेला, तर सेन्सर जिवंत आहे.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो किंवा उड्या मारतो. हा दोष मीटरचा का?

केबलवर चालणाऱ्या गाडीत बहुधा नाही. गिअरबॉक्समधून निघालेली एक पिळाची तार नळीतून फिरत मीटरपर्यंत येते. मीटरमध्ये ती एक लहान चुंबक फिरवते. चुंबकाला कुठेही न चिकटता त्याच्याभोवती बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत त्यामुळे भोवरा-प्रवाह तयार होतात, वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे तोल साधतो तिथे काटा थांबतो. जर्मन अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले, आणि जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या मोटारी याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या.

केबल कोरडी झाली किंवा कुठे तंग वळली की आतली तार अडकत-सुटत फिरते, आणि तेच काट्याच्या थरथरीत दिसते. केबल १५ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळू देऊ नये. तार बाहेर काढून पुसावी, टेबलावर सरळ ठेवून बोटांनी फिरवून पाहावी; कुठे बाक असेल तर ती जागेवर टुणकन उडते, आणि मग तार बदलणेच योग्य. चांगली असेल तर खालच्या दोन-तृतीयांश भागाला पातळ हाताने ग्रीस लावावे. वरचा भाग कोरडा ठेवावा. फिरणाऱ्या तारेबरोबर वंगण वर चढते, मीटरमधील वाटीपर्यंत पोहोचते आणि काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो किंवा चिकटून बसतो. केबलच्या वरच्या तोंडातून तेल सोडून देण्याचा उपाय म्हणूनच मीटरच्या मुळावर येतो.

केबल तुटली आहे का, हे पाहण्यासाठी उभ्या गाडीत मीटरकडचे टोक सोडवून आतली तार बोटांनी फिरवावी. थोड्या पिळानंतर ती अडली तर अखंड आहे. मोकळी फिरतच राहिली तर मधे तुटलेली आहे किंवा गिअरबॉक्सच्या टोकाला सुटलेली आहे.

काटा बरोबर वेग दाखवतो, पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत. असे का होते?

काटा चुंबकावर चालतो आणि किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर चालतात, म्हणून एक जिवंत आणि दुसरा मृत असे होऊ शकते. प्लॅस्टिकचे छोटे चाक वयाने ठिसूळ होऊन त्याचा दात तुटतो, किंवा धातूचे चाक आपल्या दांडीवर सैल होऊन नुसते फिरत राहते. हा दुसरा दोष १९८० ते १९९० च्या दशकांतील युरोपीय मोटारींमध्ये फार आढळतो. १९९५ पासून पुण्याजवळ जुळणी झालेल्या मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू१२४ च्या मालकांना तो परिचित असेल. सैल चाकाची दांडी बाहेर काढून तिच्यावर बारीक खरवड करून चाक पुन्हा दाबून बसवतात. गाडी चालू असताना ट्रिप मीटर (एका फेरीचे किलोमीटर मोजणारे, शून्यावर आणता येणारे आकडे) शून्यावर आणू नये, कारण फिरत्या दात्यांवर त्याच क्षणी उलटा जोर येतो आणि जुने प्लॅस्टिक तो सोसत नाही.

मीटर काढण्याआधी कोणती तयारी करावी?

किलोमीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे. रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो हाताशी असल्याची खात्री करावी. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक काढावे. एअरबॅग असलेल्या गाडीत हे टोक काढल्यावर किमान दहा मिनिटे काहीही न करता थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही काळ साठलेली असते. पिवळ्या आवरणाच्या वायर आणि कपलर सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नये. त्यांच्यापर्यंत हात नेणे भाग पडत असेल, तर ते काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे.

स्टिअरिंग कॉलमवर जाड सुती कापड गुंडाळावे, म्हणजे मीटर बाहेर येताना त्याच्या काचेला ओरखडे पडणार नाहीत. स्क्रू ठेवण्यासाठी कागदावर मीटरची बाह्याकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवावा. मीटरच्या कडेचे आणि मीटरचे स्क्रू पुष्कळदा सारखेच दिसतात पण लांबीने वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मीटरमागची तांब्याच्या रेषांची पातळ फिल्म भेदतो.

मीटर प्रत्यक्ष कसे बाहेर काढावे?

बहुतेक जुन्या गाड्यांत क्रम असा असतो : आधी मीटरभोवतीची कड, मग मीटर धरून ठेवणारे स्क्रू, मग केबल, आणि शेवटी विजेचे कपलर. कड स्क्रूंवर आणि क्लिपांवर बसलेली असते. स्क्रू संपल्यानंतरही ती हलत नसेल, तर एखादा स्क्रू झाकणीखाली लपलेला आहे असे समजावे आणि जोर लावू नये. उन्हात वर्षानुवर्षे तापलेले प्लॅस्टिक ताणाला एकदम चिरते. हिवाळ्याच्या सकाळी तर ते अधिकच कडक असते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात उभी करून दुपारी काम करणे चांगले. क्लिपा सोडवण्यासाठी लोखंडी स्क्रू ड्रायव्हर न वापरता प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरावी. काही गाड्यांत स्टिअरिंग कॉलमचे खालचे बोल्ट सैल करून तो थोडा खाली आणावा लागतो. डब्ल्यू१२४ मध्ये मीटर स्क्रूशिवाय नुसते दाबून बसवलेले असते आणि दोन बाजूंनी वाकड्या टोकाच्या तारा आत सरकवून ते समान ओढीने बाहेर घेतात.

खरी कसोटी केबलशी लागते. मीटर स्क्रूंतून मोकळे झाले तरी ते बोटभर पुढे येऊन थांबते, कारण मागे केबल धरून ठेवते. इथे झटका दिला की केबलचे प्लॅस्टिकचे तोंड किंवा मीटरचा मागचा थांबा तुटतो. बॉनेट उघडून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून केबल जिथे आत येते ते रबर शोधावे, आणि मदतनिसाला तिथून केबल हळूहळू आत ढकलायला सांगावे. आपला हात मीटरच्या वरून मागे न्यावा. बोटांना एक कडे लागेल : ते खाचेदार नट असेल तर डावीकडे फिरवावे, आणि एका बाजूला दाबता येणारी जीभ असेल तर ती अंगठ्याने दाबून केबल सरळ मागे ओढावी. जीभ दाबलेली असताना केबल तिरपी करू नये.

कपलर काढताना वायर ओढू नयेत. कुलुपाची जीभ दाबून कपलरच्या अंगाला धरून ते हलवत काढावे. एकसारखे दोन कपलर असतील तर त्यांवर रंगीत चिकटपट्टी लावावी. मीटर बाहेर आल्यावर ते नेहमी उभे किंवा मूळ कोनात ठेवावे. काटे खाली येतील असे पालथे पडू दिल्यास काही मीटरमधील काट्यांना स्थिर ठेवणारे सिलिकॉन द्रव तबकडीवर उतरते, आणि तो डाग जात नाही.

मीटर दुरुस्तीला दिलेले असताना गाडी चालवता येईल का?

चालवू नये. वेग दिसत नाही हे कारण आहेच, पण त्याहून मोठी कारणे दोन आहेत. ऑइलचा दाब घसरल्याचा इशारा देणारा लाल दिवा मीटरमध्येच असतो, आणि तो नसताना इंजिन कोरडे चालले तरी कळत नाही. दुसरे म्हणजे, अनेक जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला) सुरुवातीची चेतना देणारा प्रवाह मीटरमधील बॅटरीच्या लाल दिव्यातून जातो. मीटर काढले की तो मार्गच तुटतो, आल्टरनेटर वीज निर्माण करीत नाही आणि बॅटरी उतरत जाते.

मग मीटरमध्ये एलईडी बल्ब टाकल्यास हाच त्रास होतो का?

बॅटरीच्या दिव्याच्या जागी एलईडी टाकल्यास होऊ शकतो. साध्या बल्बमधून जो प्रवाह आल्टरनेटरला मिळतो, त्याच्या मानाने एलईडीतून अगदी थोडा जातो, आणि गाडी सुरू केल्यावर एकदा रेस करेपर्यंत चार्जिंग लागत नाही. त्या एका जागी मूळ वॉटचा साधा बल्बच ठेवावा. उरलेल्या जागी एलईडी चालतात, पण ते ध्रुवाप्रमाणे बसवावे लागतात आणि पुष्कळदा काट्यांवर ठिपक्यांसारखा उजेड पाडतात. मूळ हिरव्या किंवा निळ्या टोप्यांतून येणारा मंद, पसरलेला उजेड रात्री डोळ्यांना जास्त मानवतो. जास्त वॉटचे बल्ब मात्र कदापि घालू नयेत. त्यांच्या उष्णतेने मागची फिल्म आणि टोप्या वितळतात.

मीटरच्या मागे असलेली तांब्याच्या रेषांची पातळ फिल्म फाटली किंवा काळी पडली तर काय करावे?

काळेपणा असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. बल्बचे होल्डर जिथे टेकतात ते गोल ठसे आणि कपलर जिथे चढतो ती कडा या दोन जागी सर्वाधिक दोष असतो. रेषा तुटली असेल तर दोन्ही बाजूंचे संरक्षक आवरण नखाएवढे खरवडून, आधी कथिल लावून, त्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार डाखावी (सोल्डर करावी). सोल्डरिंगचे तापलेले टोक एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर फिल्म आक्रसते आणि शेजारची रेषाही सुटते. जिथे उष्णता परवडणारच नाही तिथे चांदीयुक्त वाहक रंगाची बारीक रेघ ओढता येते, पण ती पिवळ्या-लाल इशारा दिव्यांसारख्या कमी प्रवाहाच्या मार्गांपुरतीच विश्वासार्ह असते.

डॅशबोर्डवर थाप मारली की मीटर चालू होते. याचा अर्थ काय?

याचा अर्थ बहुतेक वेळा ड्राय सोल्डर, म्हणजे डाख वरून धरलेला पण आतून सुटलेला असणे. सेन्सरवर चालणाऱ्या मीटरमध्ये एक छापील सर्किट बोर्ड असतो, आणि त्यावर कपलरच्या पिना डाखलेल्या असतात. रस्त्यावरचे धक्के, उन्हातले तापणे आणि रात्रीचे थंड होणे यांचा ताण याच पिनांवर येतो. भिंगाखाली बोर्ड तिरपा धरून उजेड एका बाजूने पाडला, तर पिनेभोवतीच्या चकचकीत डाखात केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. पिन बोटाने हलवली तर ती रेघ उघडते-मिटते. दोष तिथेच आहे.

अशा डाखावर नुसते टोक टेकवून तो वितळवणे अपुरे ठरते, कारण जुन्या कथिलावर गंजाचा थर असतो. आधी फ्लक्स (डाख नीट धरण्यासाठी लावायचा पदार्थ) लावावा, जुने कथिल शोषक तारेने काढून घ्यावे आणि ६०/४० चे (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसे) नवे कथिल भरावे. हे मिश्रण १८३ ते १९० अंश सेल्सिअस या दरम्यान वितळते. तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन सुमारे ३२० ते ३५० अंशांवर ठेवले की डाख पटकन वाहतो आणि बोर्डवरचा तांब्याचा ठसा उचलला जात नाही. एक पिन सुटलेली दिसली तरी त्या कपलरच्या सर्व पिना नव्याने डाखाव्यात. सर्वांनी सारखाच ताण सोसलेला असतो. शेवटी फ्लक्सचे अवशेष अल्कोहोलने धुवावेत, कारण पुण्याच्या पावसाळी दमटपणात त्यांच्यामुळेच पुढे हिरवा गंज धरतो.

डाख सर्व ठीक असूनही काटे चुकीच्या जागी थांबतात. पुढे काय पाहावे?

बोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात. त्यांचा फुगलेला माथा किंवा बुडाशी तेलकट डाग ही उघड खूण, पण वरून धड दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि १०५ अंश दर्जाचा घ्यावा, आणि ध्रुव उलटे होऊ देऊ नयेत.

२००० नंतरच्या अनेक मीटरमध्ये प्रत्येक काट्यामागे स्वतंत्र स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी छोटी मोटर) असते. एक्स२७.१६८ ही त्यातील फार प्रचारात असलेली जात आहे. तिच्या दोन वेटोळ्यांचा रोध प्रत्येकी सुमारे २८० ओहम भरतो. एका वेटोळ्यात हा आकडा मिळाला नाही तर मोटर बदलावी. आकडा मिळूनही काटा अडत असेल तर आतले दाते झिजलेले असतात, आणि तेव्हाही मोटर बदलणे हाच उपाय.

काटा काढताना आणि परत लावताना काय काळजी घ्यावी?

काटा काढण्याआधी तो विसाव्याच्या जागी नेमका कुठे आहे, हे तबकडीवर कागदी चिकटपट्टीची तुकडी लावून पेन्सिलीने खुणावे. काट्याच्या बुडाखाली दोन्ही बाजूंनी दोन चहाचे चमचे उलटे सरकवून, खाली पातळ कागद ठेवून, दोन्हींवर सारखाच दाब दिला की तो सरळ वर येतो. एका बाजूने उचकटल्यास सुईएवढी दांडी वाकते आणि मग काटा कधीच बरोबर दाखवत नाही. परत लावताना स्टेपर मोटर आधी तिच्या शेवटच्या थांब्यापर्यंत मागे नेऊन काटा खुणेवर हलकेच ठेवावा, किल्ली देऊन तो शून्यावर येतो का पाहावे आणि त्यानंतरच दाबून बसवावा. तबकडीला बोटे लावू नयेत.

काच धुरकट झाली आहे. ती थिनरने पुसावी का?

थिनर, पेट्रोल आणि अल्कोहोल या तिन्हींपासून ती दूर ठेवावी. ही काच अ‍ॅक्रिलिकची असते आणि अशा द्रवांनी तिच्यात कोळिष्टकासारख्या भेगा उमटतात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड पुरते. ओरखडे खोल असतील तर १५०० आणि मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश कागद वापरून शेवटी प्लॅस्टिकचे पॉलिश लावावे.

पावसाळ्यात मीटरच्या काचेवर आतून बाष्प दिसते. मीटर बंद करून सील करावे का?

सील करू नये. पाणी कुठून येते ते शोधावे. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन तिथून पाणी झिरपते, आणि वायपरखालच्या पन्हळीची भोके पानांनी तुंबली की ते पाणी डॅशबोर्डकडे वळते. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही भोके मे महिन्यातच मोकळी करून घ्यावीत. गाडी आठवडेच्या आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचीही त्याच वेळी पाहणी करावी.

दुसऱ्या गाडीचे जुने मीटर आणून बसवले तर चालेल का?

भाग घेण्यासाठी चालेल; अख्खे मीटर बसवताना विचार करावा. यांत्रिक मीटरमध्ये चुंबकाचे आणि दात्यांचे प्रमाण गाडीच्या केबलशी जुळलेले असते. जपानी प्रमाणाच्या मीटरला ताशी ६० किलोमीटरसाठी केबलचे मिनिटाला ६३७ फेरे लागतात. वेगळ्या प्रमाणाचे मीटर लावले तर वेग आणि अंतर दोन्ही चुकतात. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये किलोमीटरचा आकडा ९३सी४६ सारख्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, आणि मीटरबरोबर दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीत येतो.

या बाबतीत मला ठाम बोलायचे आहे. किलोमीटर कमी करून देणाऱ्याकडे मीटर देऊच नये. पुढचा मालक त्या आकड्यावर विश्वास ठेवून टायमिंग बेल्ट, क्लच आणि ब्रेक यांचा हिशेब मांडतो, आणि खोटा आकडा त्याच्या जिवावर बेतू शकतो. मीटर बदलणे अटळच असेल तर जुन्या व नव्या दोन्ही मीटरची छायाचित्रे, बदलाची तारीख आणि कारागिराची सही असलेली पावती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि गाडी विकताना ती आपण होऊन दाखवावी.

पुण्यात सुटे भाग आणि साहित्य कुठे शोधावे?

मोटारीचे सुटे भाग, केबल आणि बल्ब यांसाठी नाना पेठ. फ्लक्स, कथिल, कपॅसिटर आणि सोल्डरिंगच्या साहित्यासाठी बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. बंद झालेल्या मॉडेलचे मीटर दात्यांसाठी किंवा काचेसाठी हवे असेल तर रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरी मारावी. जाताना आपला तुटलेला भाग बरोबर न्यावा. कारागीर निवडताना तो मीटर खोलण्याआधी सेन्सर आणि अर्थ तपासतो का, एवढे पाहिले तरी पुरे आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणाला मीटर चालू असणे आवश्यक आहे का?

होय. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करताना गाडी आरटीओच्या तपासणीतून जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाला वेग दाखवणारे साधन असावे लागते. तपासणीच्या तारखेआधी दुरुस्ती आणि रस्त्यावरची चाचणी दोन्ही उरकून घ्यावे.

मीटर परत बसवल्यावर ते खरे सांगते आहे, याची खात्री कशी करावी?

बॅटरी जोडून किल्ली द्यावी, पण इंजिन सुरू करू नये. ऑइल, बॅटरी आणि हँडब्रेक यांचे लाल दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा व बॅटरीचा दिवा विझला पाहिजे. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझला नाही तर गाडी तशीच वापरू नये.

वेगाची तुलना मोबाइलच्या जीपीएसशी सरळ, सपाट रस्त्यावर करावी आणि आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत. ताशी ६० किलोमीटरचा वेग स्थिर असेल तर एक किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत आणि ताशी ८० असेल तर ४५ सेकंदांत सरला पाहिजे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि घड्याळ यांवरून हे कुठल्याही उपकरणाशिवाय तपासता येते. अंतराच्या नोंदीसाठी एका किलोमीटरवर विसंबू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शिरण्याआधी थांबून ट्रिप मीटर शून्यावर घेणे, आणि आत गेल्यावर एका दगडाजवळचा आकडा टिपून तिथून पुढच्या वीस-तीस किलोमीटरचा फरक मोजणे जास्त खात्रीचे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, आणि जास्त दाखवला तर तो खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर या मर्यादेत असावा. म्हणजे खरा वेग ६० असताना काटा ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर तो नियमात आहे.

मीटर तपासून झाले, तरी वेग कमीच दाखवतो. आता काय उरते?

टायर. १४५/७० आर १२ च्या जागी १४५/८० आर १२ टायर घातले असतील, तर चाकाचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटरवरून ५३७ मिलिमीटर होतो. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वर धावते, आणि किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी नोंदले जातात. अशा वेळी मीटरमधील स्प्रिंगला हात लावू नये. मूळ मापाचे टायर परत घालावेत, किंवा गिअरबॉक्सच्या टोकाला केबल फिरवणारे छोटे दातेरी चाक त्या मॉडेलसाठी वेगळ्या दात्यांचे मिळत असेल तर ते बदलावे. दाते जितके कमी, तितकी केबल जास्त फिरते.